पातळ बर्फाचा भार

पाण्याच्या असंगत आचरणाचा धडा आपण सर्वांनीच कधी ना कधी शिकला किंवा शिकवला आहे. होपचे उपकरण, वरचा तापमापक, खालचा तापमापक, मधल्या पसरट भांड्यातले बर्फ-मिठाचे मिश्रण आणि ४ अंश सेल्सिअसपाशी अडून बसलेला खालचा पारा. एडिंबरोचे टॉमस चार्ल्स होप यांनी १८०५ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. धड्याच्या शेवटी एक ठरलेले वाक्य येते : थंड प्रदेशात तळी वरून गोठतात, खाली ४ अंशांचे पाणी शिल्लक राहते आणि म्हणून जलचर जगू शकतात. विद्यार्थी हे वाक्य परीक्षेत लिहितात आणि मासे सुखरूप आहेत या समाधानात पुढच्या धड्याकडे वळतात.

या वाक्यात एक पात्र राहून गेले आहे. बर्फाखाली मासे जिवंत आहेत, ही गोष्ट त्या प्रदेशातल्या माणसाला होपच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. तो बर्फावर जातो, भोक पाडतो आणि गळ किंवा जाळे आत सोडतो. आता धड्यात न येणारा प्रश्न असा, की बर्फाखालच्या माशाची सोय निसर्गाने केली, पण वर उभ्या राहिलेल्या माणसाचे काय? हा बर्फ त्याला पेलेल कशावरून?

या प्रश्नाचे उत्तर शेकडो वर्षे मच्छीमार अनुभवाने देत आले. शास्त्रज्ञांनी त्याकडे लक्ष दिले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि त्या शास्त्राची खरी कसोटी लागली ती १९४१ च्या हिवाळ्यात, वेढा पडलेल्या एका उपाशी शहराच्या वेशीवर. तो सगळा प्रवास आपण येथे पाहणार आहोत.

पहिला बर्फ

स्वीडनचे धर्मगुरू ओलाउस मॅग्नुस यांनी १५५५ साली रोममध्ये उत्तरेकडील लोकांविषयी एक मोठा लॅटिन ग्रंथ छापला. त्यातल्या लाकडी ठशांच्या चित्रांत गोठलेल्या पाण्यावर मासेमारी करणारी माणसेही आहेत. अशा मासेमारीची रीत साधी आणि हुशारीची आहे. बर्फात ओळीने भोके पाडायची, लांब काठीला दोरी बांधून ती काठी बर्फाखालून एका भोकाकडून दुसऱ्याकडे सरकवत न्यायची, आणि मग त्या दोरीने सगळे जाळे बर्फाखाली ओढून घ्यायचे. एकट्यादुकट्या माणसाला जाळ्याची गरज नाही. एक भोक, एक आखूड काठी आणि गळ एवढे पुरते. फिनलंड, रशिया, कॅनडा आणि अमेरिकेतील मिनेसोटासारख्या राज्यांत आजही हजारो लोक हिवाळाभर असे बसलेले दिसतात. त्यांपैकी बहुतेकांचे पोट त्यावर चालत नाही, तो त्यांचा छंद आहे.

या छंदात एक अडचण मुळातच आहे. तळे नुकतेच गोठलेले असते तेव्हा मासे अजून काठाजवळच्या उथळ पाण्यात असतात. तिथल्या पाणवनस्पती हिरव्या असतात आणि बर्फ काचेसारखा पारदर्शक असल्याने प्रकाश त्यांच्यापर्यंत पोहोचतो. पाण्यात प्राणवायू भरपूर असतो आणि मासे गळाला चटकन लागतात. पुढे बर्फावर हिम साचते, प्रकाश अडतो, वनस्पती कुजू लागतात, प्राणवायू घटतो. मासे खोल पाण्यात जातात आणि मंदावतात. म्हणजे मासे मिळण्याचे सर्वांत चांगले दिवस आणि बर्फ सर्वांत पातळ असण्याचे दिवस एकच. अमेरिकेतले मासेमार या दिवसांना ‘फर्स्ट आइस’ म्हणतात आणि त्यांची वर्षभर वाट पाहतात.

अशा वेळी मासेमाराच्या हाती असते ती पहार. आपल्याकडे खड्डा खणायला वापरतात तशीच, फक्त टोकाला छिन्नीसारखी धार असलेली. काठावरून पाऊल टाकण्याआधी पहारेचा घाव घालायचा, दोन-चार पावले गेल्यावर पुन्हा घालायचा. एका घावात पहार आरपार गेली तर आल्या पावली मागे फिरायचे. गिरमिटाने भोक पाडून मोजपट्टीने जाडी मोजतात, पण ते नंतर. प्रत्येक पावलागणिक गिरमिट चालवत कोण बसणार? डोळेही उपयोगी पडतात. ज्यातून खालचे काळे पाणी दिसते तो स्वच्छ बर्फ सर्वांत मजबूत. हिम भिजून पुन्हा गोठल्यामुळे झालेला दुधी पांढरा बर्फ बुडबुड्यांनी भरलेला असतो आणि त्याची ताकद साधारण निम्मी धरतात. करडा दिसणारा बर्फ म्हणजे आत पाणी मुरलेला, त्यावर जायचेच नाही.

आणखी एक गोष्ट हे लोक जाणून असतात. एकाच तळ्यावरचा बर्फ सगळीकडे सारखा नसतो. तळाशी झरा असला, ओढा येऊन मिळत असला, दोन बेटांमधून प्रवाह वाहत असला, लव्हाळ्यांचे बेट असले किंवा बदकांच्या थव्याने रात्रभर पाणी हलते ठेवले असले, की तिथे बर्फ पातळ राहतो. वरून मात्र काहीच दिसत नाही.

आपल्या देशात या जातीचे ज्ञान पाहायचे तर लडाखमध्ये जावे लागेल. गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालत जाण्याची ‘चादर’ची वाट महाराष्ट्रातल्या पुष्कळ गिर्यारोहकांनी केली आहे. तिथले वाटाडे पुढे चालताना काठीने बर्फ ठोकून त्याचा आवाज ऐकतात. तिथे काम मासेमारीचे नसून वाटचालीचे आहे, पण बर्फाची परीक्षा तशीच चालते.

बर्फाची परीक्षा चुकली म्हणजे काय होते, याचे एक जुने उदाहरण राजकारणाच्या इतिहासातही आहे. अफजलखान प्रतापगडाच्या पायथ्याशी आला त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १६५८ च्या हिवाळ्यात, स्वीडनचा राजा दहावा कार्ल गुस्ताव्ह गोठलेल्या समुद्रावरून सैन्य घेऊन डेन्मार्कवर चालून गेला. लिटल बेल्ट ही पहिली सामुद्रधुनी ओलांडताना बर्फ फुटून त्याचे काही घोडेस्वार घोड्यांसह बुडाले. पुढची ग्रेट बेल्ट सामुद्रधुनी अधिक रुंद. तेव्हा त्याचा अभियंता एरिक डालबर्ग आधी स्वतः बर्फ पाहून आला, मग सैन्य निघाले आणि पार झाले. डेन्मार्कला मोठा प्रदेश गमवावा लागला. मात्र बर्फ किती जाड म्हणजे किती घोडे पेलेल, हे गणित तेव्हा कोणालाच येत नव्हते.

स्वतःच्या वजनाने केलेली होडी

आपण आधी आर्किमिडीजच्या तत्त्वाने पाहू. १ चौरस मीटर क्षेत्राचा आणि १० सेंटिमीटर जाडीचा बर्फाचा तुकडा घ्या. त्याचे आकारमान १०० लिटर, वस्तुमान सुमारे ९२ किलोग्रॅम. तो पूर्ण बुडाला तर १०० किलोग्रॅम पाणी बाजूला सारेल. म्हणजे वरचे ओझे पेलायला त्याच्याजवळ शिल्लक राहिले फक्त ८ किलोग्रॅम. कपडे आणि सामान धरून मासेमाराचे वजन ८० किलोग्रॅम धरले, तर त्याला तोलायला १० चौरस मीटर बर्फ लागेल. पण त्याची पावले टेकली आहेत ती काही शे चौरस सेंटिमीटर जागेवर. मग उरलेला बर्फ त्याच्या मदतीला येतो कसा?

हे कोडे सोडवले हाइन्रिख हर्ट्झ यांनी. रेडिओलहरी निर्माण करून दाखवणारे हर्ट्झ ते हेच. त्या प्रयोगांच्या तीन-चार वर्षे आधी, १८८४ साली, बाल्टिक किनाऱ्यावरच्या कील गावी शिकवत असताना त्यांनी तरंगत्या स्थितिस्थापक पत्र्याच्या समतोलावर एक निबंध लिहिला. त्याचा आशय असा : ओझ्याखाली बर्फ वाकतो आणि त्याला एक उथळ, पसरट खळगा पडतो. त्या सगळ्या खळग्याखालचे पाणी बर्फाला वर ढकलते. १० सेंटिमीटर जाडीच्या बर्फावर माणूस उभा राहिला, तर खळग्याची खोली जेमतेम एक-दोन मिलिमीटर असते, पण तो चहूबाजूंना काही मीटर पसरतो. म्हणजे माणूस स्वतःच्या वजनाने तयार केलेल्या एका पसरट होडीत उभा असतो म्हणा ना!

हा प्रयोग वर्गात करता येतो. परातीत पाणी घ्या. प्लॅस्टिकच्या फाइलचे पातळ, लवचीक आवरण पॉलिप्रॉपिलिनचे असते आणि त्याची घनता बर्फासारखीच, पाण्याच्या सुमारे ०.९ पट असते. त्यातून २० सेंटिमीटर व्यासाची गोल चकती कापून पाण्यावर ठेवा. अर्धा मिलिमीटर जाडीच्या अशा चकतीची आर्किमिडीजच्या हिशेबाने शिल्लक क्षमता दीड ग्रॅमच्या आसपास येते. आता बरोबर मध्यावर एक रुपयाचे नाणे हलकेच ठेवा. नाणे त्याहून जड असूनही चकती बुडत नाही, मध्ये खळगा पडतो आणि आणखीही नाणी मावतात. तीच नाणी कडेला ठेवून पाहा, पाणी वर चढते आणि चकती कलंडते. (कडेवरून पाणी आत न येण्यात पृष्ठताणाचाही वाटा आहे, हे चौकस विद्यार्थी विचारतीलच.) बर्फाच्या मोकळ्या कडेपाशी उभे राहू नये, हा मासेमारांचा नियम या परातीत दिसतो.

आता बर्फ मोडतो कसा, तेही पाहू. वाकलेल्या बर्फाचा खालचा पृष्ठभाग ताणला जातो आणि बर्फ ताण सोसण्यात कच्चा. म्हणून पहिली चीर पायाखाली, पण बर्फाच्या तळाशी सुरू होते. चिरा चाकाच्या आऱ्यांसारख्या बाहेर पसरतात. त्यानंतर दूरवर गोलाकार चीर पडते आणि मग मधला भाग खाली जातो. पहिला कडाड आवाज आणि प्रत्यक्ष बुडणे यांच्यामध्ये काही अवधी असतो तो त्यामुळे. त्या अवधीत धावत सुटणे सर्वांत वाईट. पालथे पडून हातपाय पसरले आणि आल्या दिशेने सरपटत गेले, तर ओझे पसरते आणि ताण कमी होतो. दोन माणसे जवळजवळ उभी राहिली तर दोघांचे खळगे एकात एक मिसळतात. म्हणूनच नव्या बर्फावर मासेमार एकामागे एक आणि अंतर ठेवून चालतात.

थंडीची बेरीज

बर्फ वाढतो किती वेगाने? हे गणित जोसेफ स्टेफान यांनी मांडले. उष्णतेच्या प्रारणाच्या नियमामुळे हे नाव शिक्षकांच्या ओळखीचे आहे. ध्रुवीय मोहिमांनी नोंदलेल्या बर्फाच्या मोजमापांवरून १८९१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी असा विचार केला : नवा बर्फ तयार होतो तो खालच्या बाजूला. पाणी गोठताना बाहेर पडणारा अप्रकट उष्मा वरच्या गार हवेपर्यंत जायचा तर आधीच्या बर्फातूनच गेला पाहिजे. बर्फ जितका जाड, तितकी ही वाट लांब आणि वाढ सावकाश. म्हणून जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समान थंडीत १० सेंटिमीटरला एक दिवस लागला, तर २० सेंटिमीटरला चार दिवस आणि ३० सेंटिमीटरला नऊ दिवस लागतील.

थंडी मोजायला ‘अंश-दिवस’ हे एकक सोयीचे. शून्याखाली १० अंश तापमान तीन दिवस राहिले, की ३० अंश-दिवस झाले. आदर्श परिस्थितीत सेंटिमीटरमधील जाडी = ३.५ × √अंश-दिवस असे सूत्र मिळते. प्रत्यक्षात हा गुणक कमी असतो. वारा वाहणाऱ्या, हिम नसलेल्या तळ्यावर २.७ आणि हिमाने झाकलेल्या सामान्य तळ्यावर २ च्या आसपास. बर्फावर पडलेले भुसभुशीत हिम ही गोधडीच आहे. ती पांघरली की बर्फाची वाढ मंदावते.

लेनिनग्राडचा रस्ता

१९४१ च्या ८ सप्टेंबरला जर्मन सैन्याने श्लिसेलबुर्ग घेतले आणि लेनिनग्राडची (आजच्या सेंट पीटर्सबर्गची) जमिनीवरून येणारी वाट तुटली. उरला फक्त लाडोगा सरोवराचा मार्ग. नोव्हेंबरात सरोवर गोठू लागले आणि जहाजे थांबली. बर्फ जहाजाला अडवण्याइतका जाड झाला होता, पण गाडी पेलण्याइतका नव्हता. मासेमारांच्या आवडीचे हे दिवस त्या शहरासाठी काळे दिवस होते. २० नोव्हेंबरपासून पावाचा रोजचा वाटा कामगारांना २५० ग्रॅम आणि बाकी सर्वांना, लहान मुलांनाही, १२५ ग्रॅम झाला. त्या पावातही निम्मेच धान्य असेल-नसेल. घरात जळण नसलेल्या, थंडीने गारठलेल्या या शहराला त्या आठवड्यात आणखी कडाक्याची थंडी हवी होती.

१७ नोव्हेंबरला पश्चिम किनाऱ्यावरच्या कोक्कोरेवो या मच्छीमारांच्या गावातून लष्कराची एक तुकडी बर्फावर उतरली. एकमेकांना दोरीने बांधलेले सैनिक पहारीने बर्फ तपासत आणि खुणेच्या काठ्या रोवत पलीकडच्या कोबोना गावाकडे निघाले. अंतर सुमारे ३० किलोमीटर, बर्फाची जाडी १० सेंटिमीटरच्या आसपास आणि मध्ये मध्ये उघडे पाणी. त्यानंतर घोड्यांच्या सुमारे ३५० घसरगाड्या गेल्या आणि ६३ टन पीठ घेऊन आल्या. एका घसरगाडीमागे दोन क्विंटलही भरत नाहीत! २२ नोव्हेंबरला ६० मोटारट्रक निघाले. दीड टन क्षमतेच्या या ट्रकांनी परत येताना मिळून ३३ टन अन्न आणले. म्हणजे प्रत्येकावर जेमतेम अर्धा टन. पीठ किती हवे यापेक्षा बर्फ किती नेऊ देतो यावर सारे अवलंबून होते.

त्या वेळी धरलेले ठोकताळे असे होते : मोकळ्या घोड्याला १० सेंटिमीटर, एक टन माल ओढणाऱ्या घोड्याला १५ आणि एक टन माल भरलेल्या ट्रकला २०. पुष्कळदा ट्रकमध्ये थोडाच माल भरून उरलेला मागे बांधलेल्या घसरगाडीवर ठेवत, म्हणजे ओझे दोन खळग्यांत वाटले जाई. चालक थंडीतही दार उघडे ठेवून गाडी हाकत, बुडालीच तर उडी मारता यावी म्हणून. कितीतरी गाड्या बुडाल्या.

यात एक गोष्ट कोणाला उमगेना. पीठ लादलेला जड ट्रक जिथून सुखरूप जाई, तिथेच परतीच्या वाटेवरचा हलका ट्रक बर्फ फोडून खाली जाई. लेनिनग्राडच्या भौतिकी-तंत्र संस्थेतले पावेल कोबेको यांच्याकडे हा प्रश्न आला. कोबेको यांनी युद्धापूर्वी इगोर कुर्चातोव्ह यांच्याबरोबर रोशेल मिठाच्या विद्युत् गुणधर्मांवर काम केले होते. बर्फ हा काही त्यांचा विषय नव्हता. त्यांचे सहकारी नाउम रेनॉव्ह यांनी बर्फाचा वाक आपोआप नोंदवणारे उपकरण बनवले. कारखाने बंद आणि साहित्याची वानवा, तेव्हा हाताशी सापडेल त्यातूनच ते उभे केले. अशी उपकरणे रस्त्याकडेला बर्फात बसवून गाड्या जाताना बर्फ कसा हलतो याच्या नोंदी घेतल्या गेल्या.

नोंदींतून उलगडा झाला. चालती गाडी आपल्याबरोबर बर्फातला खळगाही पुढे नेत असते, आणि खळगा सरकतो तशी खालच्या पाण्यात लाट उठते. उथळ पाण्यातल्या लांब लाटेचा वेग √(gH) असतो, यात H म्हणजे पाण्याची खोली. गाडीचा वेग आणि लाटेचा वेग जुळले, तर झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेल्या झोक्यांसारखी ऊर्जा साठत जाते आणि बर्फाचा वाक वाढत जातो. हाच अनुनाद. लाडोगावर हा घातक वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास आढळला. आपणही पडताळून पाहू. खोली १० मीटर धरली, तर √(९.८ × १०) म्हणजे सेकंदाला ९.९ मीटर, ताशी सुमारे ३५.६ किलोमीटर. जड ट्रक हळू जाई म्हणून वाचे, हलका ट्रक नेमका या वेगाला पोहोचे. मग गाड्यांचा वेग, त्यांच्यातले अंतर आणि एकमेकींना ओलांडणे यांविषयी नियम ठरले.

२४ एप्रिल १९४२ पर्यंत, १५२ दिवस, हा रस्ता चालला. त्यावरून ३ लाख ६१ हजार टन माल आला आणि साडेपाच लाखांहून अधिक माणसे शहराबाहेर पडली. त्याच हिवाळ्यात लेनिनग्राडमध्ये लक्षावधी माणसे उपासमारीने मेली, हेही विसरता येत नाही.

साडेतीन की सात?

कॅनडात कागदासाठी लाकूड तोडणाऱ्या कंपन्या हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून ओंडक्यांची वाहतूक करीत. तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतले लॉर्न गोल्ड यांनी अशा वाहतुकीच्या नोंदी जमवल्या : किती जाडीवर किती वजन सुखरूप गेले आणि किती बुडाले. १९७१ साली त्यांनी मांडलेले सूत्र आजही वापरात आहे. किलोग्रॅममधील भार = A × जाडीचा वर्ग, जाडी सेंटिमीटरमध्ये. सावधपणे वागायचे तर A चे मूल्य ३.५ घ्यावे. देखरेख, मोजमाप आणि तयारी असली तर ते ७ पर्यंत नेता येते.

आता लाडोगाचे ठोकताळे या सूत्रात घालून पाहा. २० सेंटिमीटरचा वर्ग ४००. ३.५ ने गुणले तर १,४०० किलोग्रॅम, ७ ने गुणले तर २,८००. त्या ट्रकचे स्वतःचे वजन सुमारे १,८०० किलोग्रॅम आणि माल १,००० किलोग्रॅम. बेरीज बरोबर २,८००! सूत्र निघण्याच्या तीस वर्षे आधी त्या लोकांनी ७ च्या टोकावर पाऊल ठेवले होते. ३.५ आणि ७ मधला हा फरक बर्फाच्या गुणधर्मातला नाही. किती धोका पत्करायचा हे माणसाने ठरवायचे असते, त्याचा तो आकडा आहे. शहर उपाशी असताना ७ घेणे समजू शकते. दोन किलो माशांसाठी ते कोण घेईल? पण घेणारे असतात. आणि ३.५ ही सुद्धा खात्री नव्हे. गोल्ड यांच्या नोंदींत सावध मर्यादेच्या जवळपास बर्फ फुटल्याचीही उदाहरणे होती.

पायी जाणाऱ्याने निदान ४ इंच, म्हणजे १० सेंटिमीटर, स्वच्छ नवा बर्फ असल्याशिवाय पाऊल टाकू नये, असे मिनेसोटाचे शासकीय खाते सांगते. पांढरा बर्फ असेल तर ही जाडी दुप्पट हवी. ३.५ ने गणित केले तर १० सेंटिमीटर बर्फ ३५० किलोग्रॅम पेलतो. मग ८० किलोच्या माणसाला एवढा कशाला? उत्तर वर्गात आहे. झऱ्यावर किंवा ओढ्याच्या तोंडाशी तोच बर्फ ५ सेंटिमीटर झाला, तर क्षमता निम्मी होत नाही, चौथाई होते : ८७ किलोग्रॅम. ४ सेंटिमीटरला ५६. हे अंतर कधीकधी दहा पावलांचे असते.

पाण्यात पडल्यावर

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीस्ब्रेख्ट यांनी थंड पाण्यातल्या माणसाच्या शरीराचा अभ्यास केला आहे. स्वतःलाही त्यांनी बर्फगार पाण्यात अनेकदा उतरवले. त्यांनी लोकांसाठी तीन आकडे ठरवले : १, १०, १. पहिला एक मिनिट श्वास आवरण्याचा. गार पाण्याच्या धक्क्याने माणूस अनावर धापा टाकतो, त्यात पाणी नाकातोंडात गेले तर थंडीने मरण्याआधीच तो बुडतो. पुढची १० मिनिटे हातापायांत उपयोगाची शक्ती असण्याची. आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला साधारण १ तास. हुडहुडी भरून लगेच मृत्यू येतो ही समजूत चुकीची आहे. घाबरून त्या दहा मिनिटांचा नाश होतो, हे जास्त खरे.

त्या दहा मिनिटांत करायचे ते असे. ज्या बाजूने आलो तिकडे तोंड करायचे, कारण त्या बाजूच्या बर्फाने आपल्याला एकदा पेललेले असते. हात बर्फावर पसरून पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत आणायचे आणि पोहल्यासारखे पाय मारत अंग बर्फावर सरकवायचे. ओला बर्फ हाताला निसटतो, म्हणून उत्तरेकडचे मासेमार लाकडी मुठीच्या दोन टोच्या दोरीने गळ्यात अडकवून ठेवतात. त्या रोवून अंग वर ओढता येते. वर आल्यावर उभे राहायचे नाही, गडबडा लोळत दूर जायचे. सोबत्यानेही भोकाजवळ धावत न येता लांबूनच दोर किंवा काठी टाकायची.

टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातल्या सपना शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा देशांतल्या, बर्फाच्या हंगामात बुडून मरण पावलेल्या चार हजारांहून अधिक घटनांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध केला. ज्या हिवाळ्यांचे सरासरी तापमान शून्याखाली ५ अंश ते शून्य यांच्या दरम्यान होते, त्यांत अशा घटना वाढलेल्या दिसल्या. जर्मनी आणि इटलीत त्या कमी होत्या. बर्फावर केव्हा जायचे याचे स्थानिक नियम तिथे आहेत, हे एक कारण अभ्यासकांनी सुचवले आहे.

स्टेफान यांचे सूत्र येथे पुन्हा वापरून पाहता येईल, आणि वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना हे गणित जरूर द्यावे. गुणक २ धरला तर १० सेंटिमीटर बर्फाला २५ अंश-दिवस लागतात. शून्याखाली १० अंशांच्या थंडीत अडीच दिवस पुरतात. शून्याखाली २ अंशांवर साडेबारा दिवस लागतात, आणि मधल्या एखाद्या पावसाळी दुपारी तापमान शून्यावर चढले की बेरीज मागे येते. या साडेबारा दिवसांत काठावरून पाहणाऱ्याला तळे पहिल्या दिवसापासून गोठलेलेच दिसत असते.